प्रोटेक्ट केलेल्या शीटमध्ये रंग आणि शेरे पुन्हा पुन्हा का अडतात?

पतसंस्थेची किंवा गृहनिर्माण सोसायटीची हिशेबाची फाइल बहुतेक ठिकाणी एक्सेलमध्येच असते. हिशेबनीस ती तयार करतो, बेरजा आणि व्याजाची सूत्रे कोणाच्या हातून बिघडू नयेत म्हणून शीट प्रोटेक्ट करतो आणि वर्षअखेरीस लेखापरीक्षकाकडे पाठवतो. लेखापरीक्षकाला त्यातला एकही आकडा बदलायचा नसतो. त्याला शंकास्पद रकमेला पिवळा रंग द्यायचा असतो आणि तिथेच ‘व्हाउचर सापडले नाही, पावती पाठवावी’ असा शेरा जोडायचा असतो. पण रंगाचा डबा फिकट पडलेला असतो, शेऱ्याची आज्ञा चालत नाही आणि काही टाइप करायला गेल्यास ‘हा सेल संरक्षित शीटवर आहे, बदल करायचा असल्यास संरक्षण काढा’ अशा अर्थाचा संदेश समोर येतो. मग फोनवर पासवर्ड मागितला जातो, तो दिलाही जातो, आणि ज्या कारणासाठी शीट प्रोटेक्ट केले होते ते कारणच उरत नाही.

ही अडचण एकदा सोडवून सुटत नाही, हे तिचे खरे दुखणे आहे. परवानगीच्या योग्य खुणा करून शीट पुन्हा प्रोटेक्ट केले की काम सुरळीत चालते आणि काही दिवसांनी तीच तक्रार परत येते. त्याची कारणे दोन आहेत आणि ती एकमेकांपासून वेगळी आहेत. पहिले असे की परवानग्या शीट प्रोटेक्ट करण्याच्या क्षणी ठरतात, त्यामुळे कोणी संरक्षण काढून पुन्हा लावले, विशेषतः मॅक्रोने (फाइलीतच लिहून ठेवलेल्या, आपोआप चालणाऱ्या आज्ञांच्या यादीने) लावले, की त्या गळून पडू शकतात. दुसरे असे की सेलचे कुलूप (‘फॉरमॅट सेल्स’च्या ‘प्रोटेक्शन’ टॅबवरील ‘लॉक्ड’ ही खूण) हा त्या सेलच्या फॉरमॅटचाच एक भाग असतो, त्यामुळे कॉपी-पेस्ट करताना रंग आणि फाँटसोबत कुलूपही एका सेलमधून दुसऱ्या सेलमध्ये जाते. या दोन्ही वाटा बंद केल्याशिवाय कायमचा उपाय होत नाही.

आधी अडथळा नेमका कोणता आहे, ते पाहावे. ईमेलने आलेली फाइल उघडताना वर पिवळी पट्टी दिसत असेल, तर ते ‘प्रोटेक्टेड व्ह्यू’ असते. त्याचा शीटच्या संरक्षणाशी संबंध नाही आणि ‘एनेबल एडिटिंग’ दाबले की ते जाते. फाइल ‘मार्क अॅज फायनल’ केलेली असेल किंवा केवळ वाचण्यासाठी उघडली असेल, तर त्याचाही खुलासा वरच्या पट्टीत मिळतो. ‘रिव्ह्यू’ टॅबवर ‘अनप्रोटेक्ट शीट’ असे बटण दिसत असेल, तरच पुढील मजकूर आपल्या कामाचा आहे. तेथेच असलेले ‘प्रोटेक्ट वर्कबुक’ हे तिसरेच प्रकरण असून ते केवळ शीट वाढवणे, काढणे, लपवणे किंवा त्यांची नावे बदलणे अडवते. ते काढून रंगाची अडचण सुटत नाही, तरीही पुष्कळ लोक आधी तेच काढून बसतात.

परवानगीच्या खुणा

‘रिव्ह्यू’मधील ‘प्रोटेक्ट शीट’ दाबल्यावर जी लहान चौकट उघडते, तिच्यात पासवर्डाच्या रकान्याखाली खुणांची एक लांब यादी असते. ही यादी एक्सेल २००२ पासून आहे. तिच्यातील पहिल्या दोनच ओळींवर, म्हणजे कुलूपबंद सेल निवडणे आणि खुले सेल निवडणे यांवर, आधीपासून खूण केलेली असते. बहुतेक जण पासवर्ड टाकतात आणि यादी खाली न सरकवता ‘ओके’ दाबतात. शेऱ्यांसाठी लागणारी खूण यादीच्या अगदी तळाशी, सरकवल्याशिवाय न दिसणाऱ्या भागात आहे. या अडचणीचे निम्मे मूळ मला तिथेच दिसते.

रंग, ठळक अक्षरे, कडा आणि आकड्यांचे स्वरूप यांसाठी ‘फॉरमॅट सेल्स’वर खूण करावी. त्यामुळे कुलूपबंद सेललाही रंग देता येतो, मात्र त्यातील आकडा किंवा सूत्र जसेच्या तसे राहते. ही परवानगी मिळालेला माणूस कुलूप काढून टाकील अशी भीती काहींना वाटते. परंतु शीट प्रोटेक्ट असताना ‘फॉरमॅट सेल्स’च्या चौकटीत ‘प्रोटेक्शन’ हा टॅबच दिसत नाही, त्यामुळे त्या मार्गाने तसे करता येत नाही. खरा धोका निराळा आहे. आकड्याचे स्वरूप बदलणाऱ्याला दशांश स्थळे कमी करून १,२४९.६० ही रक्कम १,२५० अशी दाखवता येते किंवा अक्षरांना पांढरा रंग देऊन ती दिसेनाशी करता येते. सेलमधील मूल्य बदललेले नसते, पण छापील प्रत वाचणाऱ्याला ते कळण्याचा मार्ग नसतो. म्हणून ज्या शीटची प्रत सभेपुढे ठेवायची आहे, त्यात ही परवानगी लेखापरीक्षणाच्या काळापुरतीच द्यावी, असे माझे मत आहे.

‘फॉरमॅट कॉलम्स’ आणि ‘फॉरमॅट रोज’ या खुणा रुंदी आणि उंचीच्या आहेत. रक्कम मोठी झाली की सेलमध्ये आकड्याऐवजी जाळीसारखी चिन्हे दिसू लागतात आणि कॉलम रुंद करता येत नसल्यामुळे वाचणाऱ्याचा खोळंबा होतो, तेव्हा पहिली खूण उपयोगी पडते. मात्र तीच खूण लपवलेले कॉलम उघडण्याचीही मुभा देते. कर्मचाऱ्यांचे पगार किंवा सभासदांचे खाते क्रमांक लपवलेल्या कॉलममध्ये ठेवले असतील, तर ही परवानगी देण्यापूर्वी ती माहिती त्या शीटमधून बाहेर काढलीच पाहिजे. खरे तर ती तशीही बाहेरच असायला हवी, कारण शीटचे संरक्षण ही गोपनीयतेची सोय नाही आणि मायक्रोसॉफ्टनेही ते स्पष्ट सांगितले आहे.

काही गोष्टी मात्र सर्व खुणा करूनही मिळत नाहीत. सेल एकत्र जोडण्याचे ‘मर्ज’ बटण प्रोटेक्ट केलेल्या शीटवर फिकटच राहते, शब्दलेखन तपासणी चालत नाही, आणि ‘टेबल’ म्हणून बांधलेल्या यादीच्या खाली नवी नोंद टाइप केली तरी ती यादी आपोआप वाढत नाही. ‘सॉर्ट’ची खूण केली तरी क्रम लावायच्या भागातील प्रत्येक सेल खुला असेल तरच क्रम लागतो. हव्या त्याच नोंदी दाखवणाऱ्या ‘ऑटोफिल्टर’चे बाण तर प्रोटेक्ट करण्याआधीच लावून ठेवावे लागतात. या मर्यादा ठाऊक नसल्या की माणूस परवानग्यांत चूक शोधत राहतो.

शेऱ्यांचे त्रांगडे

शेऱ्यांसाठी लागणाऱ्या खुणेचे नाव ‘एडिट ऑब्जेक्ट्स’ असे आहे, आणि त्या नावावरून तिचा शेऱ्यांशी काही संबंध असेल असे कोणालाही सुचणार नाही. एक्सेल शेऱ्याला सेलमधील मजकूर मानत नाही, तर शीटवर तरंगणारी एक वस्तू मानते. चित्र, आलेख, बटण आणि शेरा हे तिच्या दृष्टीने एकाच जातीचे आहेत. त्यामुळे ही एक खूण केली की शेरे लिहिता येतात, आणि त्याच खुणेने शीटवरचा संस्थेचा लोगो, आलेख आणि मॅक्रोची बटणेही हलवता किंवा पुसता येतात. यांतील फक्त शेरे द्यायचे आणि बाकीचे अडवायचे, अशी वेगळी खूण एक्सेलने दिलेली नाही.

यावर एक आडवाट आहे. शेरा आधीच जोडून ठेवायचा, त्याच्या कडेवर उजवे बटण दाबून ‘फॉरमॅट कॉमेंट’ उघडायचे आणि ‘प्रोटेक्शन’ टॅबवरील ‘लॉक्ड’ आणि ‘लॉक टेक्स्ट’ या दोन्ही खुणा काढायच्या. मग ‘एडिट ऑब्जेक्ट्स’ न देताही तेवढ्या शेऱ्यात लिहिता येते. पाचदहा ठरावीक जागांसाठी हे ठीक आहे. शेकडो ओळींच्या खतावणीत प्रत्येक रकमेला रिकामा शेरा चिकटवून ठेवणे म्हणजे डोक्याला ताप आहे. त्यापेक्षा लोगो आणि बटणे दुसऱ्या शीटवर हलवावीत आणि नोंदींच्या शीटवर ‘एडिट ऑब्जेक्ट्स’ मोकळेपणाने द्यावे.

गोंधळ वाढवणारी आणखी एक गोष्ट आहे. २०१८ च्या सुमारास ऑफिस ३६५ मध्ये नव्या पद्धतीच्या, उत्तर-प्रत्युत्तराच्या कॉमेंट्स आल्या आणि जुन्या पिवळ्या चिठ्ठीला ‘नोट’ असे नाव मिळाले. शिफ्ट आणि एफ२ दाबल्यास नोट उघडते. त्यात कंट्रोलही धरल्यास नवी कॉमेंट उघडते. लेखापरीक्षकाकडे एक्सेल २०१९ किंवा त्याहून जुनी आवृत्ती असेल, तर त्याला नवी कॉमेंट एका चिठ्ठीच्या रूपात दिसते आणि तिच्या सुरुवातीला अशी सूचना असते की ही कॉमेंट वाचता येईल, परंतु येथे केलेले बदल नव्या आवृत्तीत फाइल उघडल्यावर नाहीसे होतील. त्या सूचनेखाली कोणी इमानेइतबारे उत्तर लिहिले आणि ते नंतर गायब झाले, तर त्याचा दोष संरक्षणाला देऊन उपयोग नाही. दोन्ही बाजूंच्या आवृत्त्या वेगळ्या असल्यास नोटच वापरावी.

जो शेरा पुढच्या वर्षीही लागणार आहे, तो मी चिठ्ठीत ठेवत नाही. त्यासाठी शीटच्या उजव्या टोकाला ‘शेरा’ असा साधा कॉलम करून त्याचे कुलूप काढून ठेवतो. तो छापता येतो, फिल्टर करता येतो, शोधता येतो आणि त्यासाठी कोणतीही जादा खूण लागत नाही. चिठ्ठी विचारपूस करण्यासाठी बरी आहे.

सुटलेली अडचण परत येते ती येथून

पहिली वाट मॅक्रोची आहे. ‘नवीन महिना’ किंवा ‘व्याज आकारणी’ असे बटण असलेल्या फाइलींत मॅक्रो आधी शीटचे संरक्षण काढतो, नोंदी करतो आणि शेवटी ‘प्रोटेक्ट’ ही आज्ञा देतो. ही आज्ञा पासवर्डाशिवाय दुसरे काहीही न सांगता दिली, तर फॉरमॅटची परवानगी नाकारली जाते आणि ऑब्जेक्ट्सही कुलूपबंद होतात, कारण काही न सांगितल्यास तसेच गृहीत धरले जाते. हाताने केलेल्या खुणा तिथे विचारात घेतल्या जात नाहीत. त्यामुळे सकाळी रंग देता येत होता आणि दुपारी कोणी बटण दाबल्यावर तो देता येईनासा झाला, अशी तक्रार येते आणि त्या बटणाचा संशय कोणालाच येत नाही.

त्यासाठी मॅक्रोतील प्रत्येक ‘प्रोटेक्ट’ आज्ञेपुढे परवानग्या लिहून द्याव्यात. ‘अलाउ फॉरमॅटिंग सेल्स’ला ‘ट्रू’ आणि ‘ड्रॉइंग ऑब्जेक्ट्स’ला ‘फॉल्स’ असे मूल्य द्यायचे असते. दुसरे मूल्य उलटे वाटते, परंतु तेथे प्रश्न ‘ऑब्जेक्ट्सना कुलूप लावायचे का’ असा आहे, म्हणून शेरे हवे असल्यास उत्तर नकारार्थी द्यावे लागते. फाइलीत अशा आज्ञा अनेक जागी विखुरलेल्या असतील, तर एकच लहान उपप्रक्रिया लिहून सर्व मॅक्रोंतून तिलाच हाक मारावी. नाहीतर एक जागा दुरुस्त होते आणि दुसरी राहून जाते.

‘यूझर इंटरफेस ओन्ली’ नावाची एक सोयही याच आज्ञेत आहे. ती ‘ट्रू’ ठेवली की संरक्षण माणसाला अडवते, मॅक्रोला अडवत नाही, त्यामुळे काढ-घाल करण्याची गरजच राहत नाही. मात्र ही सोय फाइलीत साठवली जात नाही. फाइल बंद करून पुन्हा उघडली की संरक्षण राहते, पण मॅक्रोची सवलत संपते, आणि मॅक्रो १००४ क्रमांकाची त्रुटी दाखवून थांबतो. म्हणून ही आज्ञा फाइल उघडताना चालणाऱ्या ‘वर्कबुक ओपन’ या घटनेत ठेवावी.

दुसरी वाट पेस्टची आहे आणि ती ओळखणे अधिक अवघड आहे. कोऱ्या शीटमधील प्रत्येक सेलला कुलूप मुळातच असते. शीट प्रोटेक्ट होईपर्यंत ते लागू पडत नाही, इतकेच. आता समजा, बँकेचा उतारा दुसऱ्या एक्सेल फाइलीत आला आहे. हिशेबनीस त्यातील रकमा कॉपी करतो आणि आपल्या प्रोटेक्ट केलेल्या शीटमधील खुल्या कॉलममध्ये नेहमीप्रमाणे पेस्ट करतो. सेल खुले असल्यामुळे पेस्ट होते. परंतु उताऱ्याचे सेल मुळात कुलूपबंद असल्यामुळे त्यांचे कुलूपही सोबत येते आणि पेस्ट झालेले सेल त्याच क्षणी बंद होतात. एका रकमेत चूक आहे हे दुसऱ्या दिवशी लक्षात येते आणि काल ज्या सेलमध्ये लिहिता आले, तिथे आज लिहिता येत नाही. शीटचे संरक्षण कोणीच हलवलेले नसते, म्हणून फाइल बिघडली असा निष्कर्ष काढला जातो.

यावर पहिला उपाय सवयीचा आहे: बाहेरून आणलेला मजकूर ‘पेस्ट स्पेशल’मधील ‘व्हॅल्यूज’ वापरूनच पेस्ट करावा, म्हणजे फक्त मूल्य येते आणि मूळ सेलचे फॉरमॅट येत नाही. साध्या टेक्स्ट फाइलीतून आणलेला मजकूर कुलूप घेऊन येत नाही. पण सवयीवर विसंबून चालत नाही, हेही तितकेच खरे आहे. म्हणून फाइल उघडताना चालणाऱ्या त्याच मॅक्रोत खुल्या राहायच्या भागाला एक नाव देऊन, संरक्षण काढून त्याचे ‘लॉक्ड’ पुन्हा ‘फॉल्स’ करावे आणि मग परवानग्यांसह संरक्षण लावावे. मॅक्रो वापरण्याची परवानगी नसलेल्या कार्यालयात हे काम महिन्यातून एकदा हाताने करावे लागते.

कट-पेस्टला मात्र सरसकट मनाई करावी. खुल्या सेलमधील रक्कम कट करून दुसऱ्या खुल्या सेलमध्ये टाकली, तर तिच्याकडे पाहणारी सूत्रे तिच्या मागोमाग जातात, आणि ती सूत्रे कुलूपबंद सेलमध्ये असली तरी जातात. म्हणजे ज्या बेरजेच्या रक्षणासाठी हे सगळे चालले आहे, ती बेरीज पासवर्डाशिवाय चुकीच्या जागेकडे वळवता येते. रक्कम चुकीच्या ओळीत पडली असेल, तर ती पुसून योग्य ओळीत पुन्हा टाइप करावी.

फाइल तयार करणाऱ्याच्या बाजूनेही एक फट राहते. ‘क्लिअर फॉरमॅट्स’ दिल्यावर किंवा ‘नॉर्मल’ ही सेल स्टाइल (फॉरमॅटचा तयार संच) लावल्यावर सेल मूळ स्थितीत, म्हणजे कुलूपबंद स्थितीत जातो. शीट नीटनेटके करण्याच्या भरात हे होते. स्वतःच्या स्टाइल बनवताना त्यातील ‘प्रोटेक्शन’ची खूण काढून ठेवली, तर ती स्टाइल कुलपाला हात लावत नाही.

कोणता सेल खुला आहे, हे नुसते पाहून कळत नाही. त्यासाठी ‘फाइंड’ची चौकट उघडून ‘फॉरमॅट’मध्ये ‘प्रोटेक्शन’खालील ‘लॉक्ड’ची खूण काढावी आणि ‘फाइंड ऑल’ दाबावे; सर्व खुल्या सेलची यादी मिळते. नेहमी लागत असल्यास ‘सेल’ हे फंक्शन ‘प्रोटेक्ट’ या शब्दासह वापरावे. ते कुलूपबंद सेलसाठी १ आणि खुल्या सेलसाठी ० देते, आणि त्यावर कंडिशनल फॉरमॅटिंग, म्हणजे अटीनुसार आपोआप रंग देणारा नियम, बांधले की खुले सेल फिकट हिरवे दिसत राहतात. पेस्टमुळे एखादा सेल बंद झाला की त्याचा हिरवा रंग जातो आणि तक्रार येण्याआधीच गोष्ट लक्षात येते. अर्थात, साधे पेस्ट कंडिशनल फॉरमॅटिंगचे नियमही तुकड्यातुकड्यांत मोडते, त्यामुळे रंग गेल्याचे कारण दोन्हींपैकी काहीही असू शकते. पण दोन्ही वेळी तिथे पाहायला हवे, हे खरेच.

ब्राउझरमधील एक्सेलमध्ये याच परवानग्या ‘मॅनेज प्रोटेक्शन’ या नावाखाली उजवीकडच्या पट्टीत उघडतात. गूगल शीट्समध्ये मात्र रचनाच वेगळी आहे. तेथे ‘डेटा’ मेनूतून संरक्षित केलेल्या भागात कोणाला संपादन करता येईल एवढेच ठरते. आकडा नको पण रंग चालेल, अशी मधली पायरी नाही. उलट कॉमेंटची परवानगी तेथे शेअर करतानाच मिळते: लेखापरीक्षकाला ‘कमेंटर’ म्हणून जोडले की तो आकड्यांना हात न लावता शेरे लिहू शकतो. त्यामुळे केवळ शेऱ्यांचेच काम असेल तर गूगल शीट्स सोपे पडते, आणि रंगही हवा असेल तर एक्सेलच लागते.

दुरुस्ती झाल्यावर फाइल साठवून पूर्ण बंद करावी, पुन्हा उघडावी आणि पासवर्ड न वापरता लेखापरीक्षकाच्या भूमिकेतून तपासावी. कुलूपबंद रकमेला रंग द्यावा, नोट जोडावी, बेरजेच्या सूत्रावर टाइप करून ते अडते की नाही ते पाहावे, दुसऱ्या फाइलीतून एक रक्कम खुल्या सेलमध्ये साधी पेस्ट करावी, मॅक्रोची सर्व बटणे एकेकदा दाबावीत आणि त्यानंतर रंग व नोट पुन्हा एकदा करून पाहाव्यात. एकापेक्षा अधिक शीट असतील तर ही तपासणी प्रत्येकावर वेगळी करावी लागते, कारण शीट गटाने निवडली असताना ‘प्रोटेक्ट शीट’चे बटण चालत नाही आणि एखादे शीट जुन्याच खुणांसह राहून जाते.